गंगाजळी बावीस पट आहे. पहिली पाच वर्षं कशी काढणार?

प्रश्न थोडक्यात असा : वय ५८, दोन वर्षांनी निवृत्ती. पत्नी ५५ वर्षांची. घर स्वतःचं, डोक्यावर कर्ज नाही, मुलं आपापली कमावती. दरमहा ठरलेली पेन्शन नाही. आजवर साठवलेली पुंजी सध्याच्या वार्षिक खर्चाच्या २२ पट आहे, ती पुरेल का? आणि शेवटी जाता जाता एक ओळ : ‘बायको विचारते, दिवसभर घरी करणार काय? मी म्हणतो, पस्तीस वर्षं राबलोय, आता आराम करणार.’

गेली अठ्ठावीस वर्षं मी निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसांचे हिशेब बघतोय, आणि सहा वर्षांपूर्वी मी स्वतःही तो उंबरठा ओलांडला. त्या अनुभवावर सांगतो, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या शेवटच्या ओळीत अडकलं आहे. कसं ते पुढे येईलच. आधी आकडे.

२२ पट म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही पुंजीच्या सुमारे साडेचार टक्के काढणार. या बाबतीत सगळीकडे ‘चार टक्क्यांचा नियम’ सांगितला जातो. तो आला कुठून, हे माहीत असलेलं बरं. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागारानं १९९४ मध्ये १९२६ पासूनची बाजाराची आकडेवारी घेऊन बसून एक प्रश्न सोडवला : पहिल्या वर्षी किती टक्के काढले आणि पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवत नेली, तर सगळ्यात वाईट काळात निवृत्त झालेल्या माणसाचेही पैसे ३० वर्षं पुरतील? उत्तर चारच्या आसपास आलं. १९९८ मध्ये ट्रिनिटी विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांनी तसाच अभ्यास करून हा आकडा सर्वतोमुखी केला. बेंगननी पुढे स्वतःच तो थोडा वर नेला. पण लक्षात घ्या, हा एका देशाच्या, त्यातही बाजार एकंदरीत भरभराटीला आलेल्या देशाच्या इतिहासावरून काढलेला आकडा आहे. शिवाय त्यात निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम समभागांत असल्याचं गृहीत आहे. सगळी पुंजी मुदत ठेवीत टाकून ‘चार टक्क्यांचा नियम पाळतोय’ म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. त्यांचा नियमाशी काही संबंध नसतो.

तुमच्या बाबतीत खरी अडचण ‘३० वर्षं’ या शब्दांत आहे. तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा पत्नी ५७ वर्षांची असेल. ती ९५ वर्षं जगली तर हिशेब ३८ वर्षांचा होतो. ‘इतकं कोण जगतंय’ असं म्हणू नका. समजा, तुम्हा दोघांपैकी प्रत्येकाची नव्वदी गाठण्याची शक्यता शंभरात ३० आहे. मग दोघांपैकी निदान एकजण तरी नव्वदीला पोचण्याची शक्यता शंभरात ५१ निघते. जोडप्याचा हिशेब नेहमी जास्त जगणाऱ्याच्या आयुष्यावर बसवायचा असतो, आणि बहुतेक पुरुष तो स्वतःच्या आयुष्यावर बसवतात.

दुसरी गोष्ट महागाईची. ७२ ला महागाईच्या दरानं भागा, तेवढ्या वर्षांत खर्च दुप्पट होतो. दर सहा टक्के असेल तर १२ वर्षांत. म्हणजे साठीला जो खर्च १०० होता तो बहात्तरीला २०० आणि चौऱ्याऐंशीला ४००, तेही राहणीमानात काडीचाही फरक न करता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथे अंथरूणच दर वर्षी वीतभर आकसतं. तुमच्या पुंजीची वाढ जेमतेम महागाईइतकीच झाली, तर २२ पट म्हणजे बरोबर २२ वर्षं. तुम्ही ८२, पत्नी ७९. तिथे तळ. येत्या दोन वर्षांत पुंजीत थोडी भर पडेल, पण ती मी मुद्दामच धरत नाही. तेवढं हातचं राखलेलं असू द्या.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. २२ पट ही वाईट स्थिती मुळीच नाही, काठावरची आहे. आणि काठावरच्या माणसाचं भवितव्य सरासरी परताव्यापेक्षा पहिल्या पाच-सात वर्षांवर जास्त ठरतं. आता जे सांगतो ते कागद-पेन घेऊन वाचा.

समजा १०० एवढी पुंजी आहे आणि दर वर्षाच्या सुरुवातीला ६ काढायचे आहेत. पाच वर्षांचे परतावे असे : वीस टक्के नफा, दहा टक्के नफा, शून्य, दहा टक्के तोटा, वीस टक्के तोटा. या क्रमानं गेलं तर पाच वर्षांनी हातात ७१ उरतात. आता तेच पाच आकडे उलट्या क्रमानं घ्या, तोट्याची वर्षं आधी. उरतात ५९. काढलेली रक्कम दोघांचीही ३०, सरासरी परतावा तोच, आणि काहीच काढलं नसतं तर दोघांकडेही तेच ९५ असते. बारा टक्के पुंजीचा फरक केवळ क्रमामुळे पडला. पडलेल्या भावात विकून घरखर्च भागवला की जे विकलं ते पुढच्या तेजीत वाढायला शिल्लकच राहत नाही. नोकरीत असताना मंदी आली तर आपण स्वस्तात घेणारे असतो. निवृत्त झाल्या दिवशी आपण विकणारे होतो. माणूस तोच, बाजार तोच, बाजू बदलते. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात जिथे होता तिथे परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. त्या डिसेंबरात सगळी पुंजी समभागांत ठेवून निवृत्त झालेल्या माणसाला ‘दीर्घकाळात बाजार वर जातोच’ हे सांगून बघा.

यावर उपाय दोन. पहिला सगळे सांगतात : दोन-तीन वर्षांचा खर्च बाजाराबाहेर, लगेच मोडता येईल अशा ठेवीत ठेवायचा आणि वाईट वर्षी त्यातून खायचं. त्याला जोडून मी एक नियम घालतो. ज्या वर्षी पुंजी घटली त्याच्या पुढच्या वर्षी महागाईची वाढ घ्यायची नाही. गेल्या वर्षीइतक्याच रकमेत भागवायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अशी दोन-तीन वर्षं पाळलेला माणूस पुढे बराच निर्धास्त असतो.

दुसरा उपाय म्हणजे तुमच्या पत्नीचा प्रश्न.

समजा पहिली पाच वर्षं तुम्ही आठवड्याचे दोन दिवस काहीतरी काम केलंत आणि त्यातून वार्षिक खर्चाच्या पाव हिश्शाएवढी मिळकत झाली. मग पुंजीतून २२ मधला एक भाग न काढता पाऊणच काढावा लागेल. साडेचार टक्क्यांचे एकदम ३.४ टक्के होतात. पाच वर्षांची एकूण कमाई बघितली तर फक्त सव्वा वर्षाचा खर्च, म्हणजे डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. पण ती नेमकी त्या काळात येते जेव्हा पुंजीला हात न लावण्याची किंमत सगळ्यात जास्त असते. तेवढीच कमाई पंचाहत्तरीत झाली तर तिचा निम्माही उपयोग नाही, आणि तेव्हा ती होणारही नाही. धंद्यात असे दिवस काढलेले लोक हे पटकन ओळखतात. पगारदार माणसाला समजावून द्यावं लागतं.

इथे तुम्ही म्हणाल, पस्तीस वर्षं राबलो, पुन्हा तेच? तेच नको. मी पाहिलेली सगळ्यात दुःखी मंडळी म्हणजे जुन्याच कचेरीत ‘सल्लागार’ म्हणून परत गेलेली, कालपर्यंत हाताखाली असलेल्यांकडून सही मिळवायला ताटकळणारी. हाताचं, शिकवण्याचं, हिशेब लिहिण्याचं, दुरुस्तीचं, लहान संस्थांच्या कागदपत्रांचं, असं ज्यात हुद्दा नाही ते काम बघा. जपानमध्ये १९७५ पासून यासाठी वेगळी केंद्रं आहेत. ज्येष्ठांनी नाव नोंदवायचं आणि बागकामापासून कारकुनीपर्यंतची थोडी, बेताची कामं तिथून मिळवायची. ती पोट भरण्याएवढी नसतात, नसावीतच. पण ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, कोणीतरी वाट बघत असलेल्या जागी जायचं असतं. नोकरी सुटल्यावर पगाराची उणीव आधीपासून मोजलेली असते. ही उणीव कोणीच मोजलेली नसते.

पैशाची गरज नसेल तर काम बिनपगारी असू द्या, पण बांधिलकी असलेलं असू द्या. ‘मन होईल तेव्हा जाईन’ या तत्त्वावर चालणारा कोणताही उपक्रम चौथ्या महिन्यात बंद पडतो, हा माझा अनुभव आहे. फ्रान्समध्ये तुलूझ इथे १९७३ मध्ये प्राध्यापक पिएर व्हेला यांनी ज्येष्ठांसाठी विद्यापीठ सुरू केलं. ती कल्पना देशोदेशी पसरली. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात तिचं रूप आणखी सुंदर झालं : बाहेरचे प्राध्यापक नाहीत, परीक्षा नाहीत, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं. जो मंगळवारी विद्यार्थी तोच गुरुवारी शिक्षक. शिकवायचं असलं की तयारी करावी लागते, तयारीसाठी घराबाहेर पडावं लागतं. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी सामाईक कार्यशाळा निघाल्या, कारण ‘गप्पा मारायला या’ म्हटलं की पुरुष येत नाहीत, ‘ही खुर्ची मोडलीय, जरा बघता का’ म्हटलं की येतात आणि मग दोन तास हलत नाहीत. असलं काही तुमच्याजवळ नसेल तर चारजण जमवून सुरू करणं फार अवघड नसतं.

आता शरीर. इथेही पहिल्या पाच वर्षांचाच खेळ आहे, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. बासष्टाव्या वर्षी काम थांबवलं आणि मनाशी म्हटलं, सहा महिने काहीच करायचं नाही. सहाचे आठ झाले. एक दिवस कपाटाखाली गेलेली किल्ली काढायला जमिनीवर बसलो आणि उठताना हात टेकूनही जमेना. बायकोला हाक मारावी लागली. आजार काही नव्हता. नोकरीत असताना जिने, बसथांबे, या टेबलापासून त्या टेबलापर्यंतच्या फेऱ्या यांतून जो व्यायाम नकळत व्हायचा तो बंद झाला होता, एवढंच. दुसऱ्यांना महागाई समजावणारा मी, माझ्या मांड्यांतली पुंजी उडवून बसलो होतो.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आकड्यांआधी एक चाचणी करायला सांगतो. हात नसलेल्या खुर्चीत बसा, हात छातीवर आडवे बांधा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांत १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांत ११ पेक्षा कमी आकडा आला तर तो सरासरीखाली धरतात आणि पडण्याचा धोका वाढल्याची खूण मानतात. तुम्ही अजून साठीचेही नाही, तेव्हा तुम्हाला याहून बरेच जास्त जमायला हवेत. मुद्दाम सांगतो, उतारवयात एक वाईट पडणं हा आर्थिक धक्काच असतो : शस्त्रक्रिया, मदतनीस, घरातले फेरफार, आणि जोडीदाराचं अडकून पडणं. त्याचा विमा पूर्ण मिळत नाही. मांड्यांची ताकद हा त्यातल्या त्यात स्वस्त विमा.

नुसतं चालणं पुरत नाही, हे ठासून सांगावं लागतं, कारण ‘मी रोज चालतो’ म्हटलं की आपलं काम झालं असं सगळ्यांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना अशा : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाक होईल अशी हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारे व्यायाम. यातलं शेवटचं कलम बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. उशीर झाला असंही कधी नसतं. १९९० मध्ये बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम द्यायला सुरुवात केली. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत हे होतं, तर साठीत सबब काय? (हृदयाचा, सांध्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे सांगणं भाग आहे, आणि खरंही आहे.)

परत पैशाकडे, पण आता भराभर.

निवृत्तीनंतर खर्च सरळ रेषेत वाढत नाही. डेव्हिड ब्लँचेट या अमेरिकन अभ्यासकानं २०१४ मध्ये दाखवलं की महागाई वजा केल्यावर खर्च मधल्या वर्षांत हळूहळू उतरतो आणि शेवटी आजारपणामुळे पुन्हा चढतो. प्रवास करायचा असेल तर पहिल्या दहा वर्षांत करा, त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढा आणि ती खर्च करताना अपराधी वाटून घेऊ नका. हेच उलट करणारे, म्हणजे साठीत कवडी कवडी जपून पंचाहत्तरीत ‘आता फिरू’ म्हणणारे, पाहून मला जास्त वाईट वाटतं.

आयुष्यभर ठरलेली रक्कम देणारं वर्षासन घ्यावं का? अर्थशास्त्रज्ञ १९६५ पासून सांगताहेत की निदान काही पुंजीचं घ्यावं, आणि लोक तेव्हापासून टाळताहेत. माझं मत : विजेचं बिल, किराणा, औषधं असे अटळ खर्च भागतील इतपतच घ्या, आणि सत्तरीच्या आसपास घ्या. वय वाढतं तसा दर सुधारतो. रक्कम महागाईबरोबर वाढणारी नसेल तर ७२ चा भागाकार आठवा. आणि जोडीदाराच्या हयातीपर्यंत चालू राहील असंच घ्या, दर कमी मिळाला तरी.

आरोग्यविमा नोकरी सुटायच्या आधी स्वतःचा घ्या. इच्छापत्र करा, वारसनोंदी तपासा. एवढंच, यावर पानं भरण्यासारखं काही नाही, ते करायचंच असतं.

मुलांबद्दल मात्र थांबून बोलतो. माझ्याकडच्या ज्या पुंज्या बुडाल्या त्यातल्या फार थोड्या बाजारानं बुडवल्या. जास्त करून कोणाच्या धंद्याला, कोणाच्या घराला ‘तात्पुरते’ दिलेल्या रकमांनी. द्यायला माझी ना नाही. पण दिलेली रक्कम परत येणार नाही असं धरून हिशेब मांडा, आणि तरी ३८ वर्षं निभावत असतील तरच द्या. शिक्षणाला आणि घराला कर्ज मिळतं. म्हातारपणाला कोणी कर्ज देत नाही.

आणि सगळं सोपं करून ठेवा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या चार अर्थतज्ज्ञांनी कर्जं आणि क्रेडिट कार्डांचे व्यवहार तपासले, तेव्हा पैशातल्या चुका सगळ्यात कमी होण्याचं वय ५३ च्या आसपास निघालं. म्हणजे तुम्ही आणि मी दोघंही उताराला लागलो आहोत. अकरा खाती असतील तर तीनवर आणा. फोनवर कोणी कितीही घाई केली तरी पैशाचा कोणताही निर्णय त्याच दिवशी घ्यायचा नाही, असा घरात नियम करा. फसवणाऱ्याचं सगळं भांडवल घाई हेच असतं. शिवाय वर्षातला एक महिना ‘उलटा महिना’ ठेवा. एरवी जो पैसे बघतो त्यानं त्या महिन्यात हात लावायचा नाही, सगळी बिलं, ठेवी, पासवर्ड दुसऱ्यानं सांभाळायचे. तुमच्या घरात ते कोण बघतं हे प्रश्नाच्या सुरावरून माझ्या ध्यानात आलंच.

आता काय करायचं? अजून दोन वर्षं आहेत. त्यातले सहा महिने रंगीत तालीम करा : पगार येईल तो बाजूला ठेवा आणि निवृत्तीनंतर जेवढे काढणार आहात तेवढ्यातच घर चालवा. त्याच सहा महिन्यांत आठवड्याचा एक दिवस त्या पुढच्या कामाला द्या, मग ते काम आवडतं की नुसतंच आवडेल असं वाटत होतं, ते कळेल. आणि पत्नीला शेजारी घेऊन मागच्या ३६ महिन्यांचा खर्च बँकेच्या नोंदींवरून काढा, आठवणीवरून नको. त्यात दर पाच-सात वर्षांनी येणारे खर्च, म्हणजे छपराची दुरुस्ती, वाहन, दात, बिघडलेली यंत्रं, यांना वर्षांनी भागून मिळवा. पुंजीचा आकडा कर भरल्यानंतरचा आहे की आधीचा, तेही बघा. बहुतेक जण जो पट सांगतात त्यात यातलं एकही धरलेलं नसतं, आणि माझ्या अनुभवात २२ चे कधी १९ होतात, कधी १८. तो आकडा निघाला की कळवा, खुर्चीच्या चाचणीचा आकडाही, दोघांचा.